विमानाच्या पोटातला कागद

बाइंडरच्या हातांना खळीचा वास यायचा. मैदा, पाणी आणि कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद, एवढंच त्यात असे. पण एकतीस वर्षांत तो वास साबणाला जुमानेनासा झाला होता. नवीन लग्न झालं तेव्हा बायको म्हणाली होती, "तुमच्या शेजारी झोपलं की सकाळी मी पाकिटासारखी चिकटलेली उठते." आता ती तसं म्हणत नसे. तिच्याही हातांना इस्त्रीचा आणि खडूचा वास येई. लोकांचे घट्ट झालेले कपडे उसवून सैल करायचे आणि सैल झालेले घट्ट, हे तिचं घरबसल्याचं काम.

ग्रंथालयाच्या जिन्याखालची खोली त्याची. खिडकी रस्त्याला टेकलेली, त्यामुळे बाहेरची माणसं त्याला दिवसभर गुडघ्यापर्यंतच दिसत. चपलांवरून तो कित्येकांना ओळखायचा आणि ती माणसं वर समोरासमोर भेटली की चेहरा बघून बावचळायचा. खोलीत पुस्तकं दाबून ठेवायचा लोखंडी शिकंजा, शिवणीची चौकट, पुठ्ठे, दोऱ्याची रिळं आणि एका फळीवर खाकी पाकिटांची चळत.

पाकिटांचा नियम त्याने आपल्या मास्तरांकडून आणला होता, सोळाव्या वर्षी ज्यांच्याकडे तो काम शिकला त्यांच्याकडून. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक पुस्तकामागे एक पाकीट. पुस्तकातून जे जे सुटेल, जुना दोरा, कापडाची चिंधी, पानात सापडलेलं तिकीट, वाळलेलं फूल, पुठ्ठ्याच्या आतून सोडवलेला अस्तराचा कागद, ते सगळं पाकिटात. वर पुस्तकाचा नंबर. पुस्तक परत जाताना पाकीट बरोबर जायचं. बहुतेक लोक ते दारातल्या टोपलीतच टाकत. पण एकदा एका बदली कामगाराने एक चिंधी परस्पर फेकली, तेव्हा बाइंडर त्याच्यावर एवढा ओरडला होता, की वरून ग्रंथपाल धावत खाली आले. "तुझी होती का ती? मग?" असं तो त्या कामगाराला विचारत होता.

फक्त कोरे कागद. गेली आठदहा वर्षं तो अस्तराचे कोरे कागद पाकिटात घालत नव्हता.

त्याला कारण होती विमानं. जुनी, लढाईतली, कागदाची. ही विमानं उडवायची नसतात. एखाद्या खऱ्या विमानाचं मोजमाप घ्यायचं, ते तेहतिसाव्या हिश्श्यावर आणायचं, त्याच्या गोलाव्यांचा सपाट कागदावर उलगडा काढायचा, कापायचा, घडी पाडायची आणि पुन्हा गोल करायचा. शाई संपलेल्या रिफिलने घडीची रेघ दाबायची. तोफेची नळी सुईवर कागद गुंडाळून. काचा शर्टाच्या खोक्यावरच्या पारदर्शक कागदाच्या. पत्र्यावरच्या रिबिटांसाठी त्याने बायकोचं शिवणकामातलं दातेरी चाक पळवलं होतं. कागदाच्या मागून ते फिरवलं, की पुढे बारीक टिंबांची रांग उठते.

"तुमचं विमान उडेल तेव्हा उडेल," ती म्हणायची, "माझं चाक मात्र उडालं."

सगळ्यात नाजूक काम कडांचं. रंगवलेला कागद कापला, की कापलेली कड पांढरी दिसते आणि बघणाऱ्याला तिथेच कळतं, हा कागद आहे. म्हणून प्रत्येक तुकडा चिकटवायच्या आधी त्याची कड रंगवायची, केसाएवढ्या कुंचल्याने. बाइंडरच्या विमानात पांढरी कड सापडत नसे. त्याला त्याचा अभिमान होता. साधा माणूस, दुसरा कसला अभिमान त्याच्याजवळ नव्हता.

*

दीड वर्षापूर्वी एका सकाळी खिडकीत दोन काळ्या, बंद बुटांची पावलं थांबली. मग काठीचं टोक काचेवर वाजलं.

"काय रे कव्हरवाल्या, आहेस का आत?"

पंचावन्न वर्षांचा बाइंडर ताडकन उभा राहिला. त्या आवाजापुढे अर्धं गाव असंच उभं राही. बाईंनी शाळेत सदतीस वर्षं गणित शिकवलं होतं. त्याला गणित यायचं नाही, पण वर्गातल्या सगळ्यांच्या वह्यांना कव्हरं तो घालून द्यायचा, कोपरे असे दुमडलेले की पट्टी लावून बघावेत. एकदा बाईंनी त्याची वही उचलून वर्गाला दाखवली होती. "आतलं उत्तर चूक आहे," त्या म्हणाल्या होत्या, "पण बाहेरून बघा." वर्ग हसला. तोही हसला. घरी जाताना मात्र त्याला फक्त 'बाहेरून बघा' एवढंच आठवत होतं.

आता बाईंची नव्वदी जवळ आली होती. डोळ्यांत मधोमध डाग पडला होता. समोरच्या माणसाचे कान, खांदे दिसत, चेहरा दिसत नसे. त्यामुळे बोलताना त्या थोडं बाजूला बघत.

उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेली एक वही त्यांनी टेबलावर ठेवली. जाड पुठ्ठ्याची, निळ्या कापडाची. "दादाची आहे. विमानात वायरलेसवर होता तो. त्या मोठ्या लढाईत. तेविसाव्या वेळी गेले ते आलेच नाहीत. मग दाढीचं सामान आलं आणि ही आली. पाठीतून सुटलीये रे. मला दिसत नाही, पण हाताला कळतं."

"नवीसारखी करतो, बाई."

"नवी नको. आहे तशी धड कर."

त्या गेल्यावर त्याने वही उघडली. तारीख, विमान, तास, मिनिटं. बावीस ओळी. एका रकान्यात विमानाची जात लिहिलेली होती, दोन इंजिनांचं बॉम्बफेकी विमान, आणि बाइंडरने ती ओळ पुन्हा एकदा वाचली. त्याच विमानाचे तिन्ही बाजूंचे आराखडे वरच्या मजल्यावर, जुन्या मासिकांच्या बांधीव खंडात होते. तो खंड त्यानेच बांधला होता.

वहीचं काम आठ दिवसांचं होतं. पाठ काढली, पानं शिवली. पुठ्ठ्यांच्या आतले अस्तराचे कागद ओलसर कापडाने भिजवून सोडवले. पुढचा फाटकाच निघाला. मागचा अख्खा निघाला, आणि तो हातात घेतल्यावर बाइंडर थांबला. असा कागद हल्ली मिळत नाही. चिंध्यांच्या लगद्याचा, सायीच्या रंगाचा, दुमडला तर न तडकणारा, गोल केला तर गोल राहणारा. विमानाच्या धडाच्या आत, कातडीला आकार देणाऱ्या गोल कड्या लागतात. अकरा. बाहेरून त्या कुणाला दिसत नाहीत. पण त्याला माहीत असलं असतं. त्याच विमानाच्या पोटात त्याच काळातला, त्या विमानातून उडालेल्या माणसाच्या वहीतला कागद. कुणीही न मागितलेला असा अचूकपणा त्याला मोह पाडत असे, आणि याहून मोठा मोह त्याला आयुष्यात कधी पडला नव्हता.

कागद कोरा होता. म्हणजे वरची बाजू कोरी होती. मागची, पुठ्ठ्याला चिकटलेली बाजू जुन्या खळीने तपकिरी झाली होती, आणि तिच्यावर शिसपेन्सिलीच्या फिकट रेघा होत्या. त्याने त्या पाहिल्या. कारागिरांच्या खुणा असतात अशा, त्याने स्वतःला सांगितलं. खुणांना वेलांट्या नसतात, हे त्याला त्याच क्षणी ठाऊक होतं. एक वेलांटी तर त्याला स्पष्ट दिसली होती. त्याने कागद पालथा घातला, वाळत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे घरी कंपासने त्याच्यावर अकरा वर्तुळं काढली. कडी हवी म्हणून प्रत्येक वर्तुळाचं मधलं कापून काढलं. त्या चकत्या आणि बाकीची कातरणं बायकोने चिंध्यांबरोबर झाडून टोपलीत भरली.

महिन्याने बाई वही न्यायला आल्या. त्यांनी वहीची पाठ चाचपली, मान डोलावली. मग मागचा पुठ्ठा उघडून आतल्या बाजूवरून बोटं फिरवली. नव्या अस्तराचा कागद गुळगुळीत होता.

"इथे फुगवटा होता," त्या म्हणाल्या.

"जुनी खळ असते, बाई. गाठ धरते."

"असेल. पाकीट कुठे आहे?"

त्या वहीचं पाकीट त्याने केलंच नव्हतं. बाइंडरने फळीकडे पाहिलं, जणू पाकीट तिथून स्वतः उतरून येणार होतं.

"कागद पार कुजला होता, बाई. कोराच होता. टाकला."

"कोरा होता?"

"हो."

बाई थोडा वेळ त्याच्या खांद्याकडे बघत राहिल्या. "बरं," म्हणाल्या आणि वही अभ्र्यात घालून गेल्या. बुटांची पावलं खिडकीतून सरकली तेव्हा त्याने मान वळवली.

त्या दिवशी कड्या अजून सुट्या होत्या. एका थाळीत अकरा कड्या, वर त्याने शाईने टाकलेले एक ते अकरा आकडे. हे त्याला पुढे फार वेळा आठवलं. त्या दिवशी रस्ता ओलांडून, बाईंचा जिना चढून थाळी नेऊन दिली असती, तर लाज वाटली असती पण एकदाच. त्याने घरी येऊन एक कडी उजेडासमोर धरली. अक्षरं दिसली. लगेच खाली ठेवली. वाचलं नाही. वाचलं नाही तोवर ते लिहिलेलं नाही, असा काहीसा हिशेब त्याने मनात केला. त्याचं गणित कच्चंच होतं.

*

पुढचे तेरा महिने तो विमान बनवत होता, आणि त्यातला प्रत्येक दिवस त्या कड्यांवर काहीतरी चढवण्यात गेला. आधी आतली जमीन, मग बसायच्या जागा, वायरलेसवाल्याचं इवलं टेबल, त्यावर तीळभर बटणं. मग बाहेरची कातडी, पट्टी पट्टीने. पंखांच्या फासळ्या. इंजिनांची नऊ-नऊ नळकांडी, प्रत्येकावर दोरा गुंडाळून काढलेल्या पन्हळी. चाकं गोल कागदांच्या थरांची, कानशीने घासलेली. शेपटी दोनदा तिरकी बसली; दोनदा काढली. पहाटे दोन तास आणि सुट्टीचा दिवस. पूर्वी विमान करताना तो गुणगुणायचा. बायकोच्या लक्षात आलं, की या खेपेला घरात फक्त ब्लेडचा आवाज आहे.

"काय हो, हिच्याशी भांडण झालंय का?" ती विमानाकडे हनुवटी करून म्हणाली. सवतीला म्हणावं तसं.

"काम बारीक आहे."

"तुम्ही बारीक झालात, काम कुठलं."

या विमानाच्या कडा मात्र त्याने पूर्वी कधी नव्हत्या इतक्या नीट रंगवल्या.

ग्रंथालयाला पंच्याहत्तर वर्षं झाली. वाचनकक्षात वाचकांच्या आणि कर्मचाऱ्यांच्या हातकामाचं प्रदर्शन मांडायचं ठरलं. कुणाचं विणकाम, कुणाची चित्रं. मध्यावर, काचेच्या पेटीत बाइंडरचं विमान. ग्रंथपाल उत्साही होते, माहितीचा कागद भरून घेताना त्यांनी विचारलं, "काही विशेष?" आणि कौतुकाने सैल झालेली त्याची जीभ बोलून गेली होती, की आतला सांगाडासुद्धा त्याच काळातल्या कागदाचा आहे, हल्लीचा कागद उभाच राहत नाही. बोलल्याबरोबर त्याला ते परत घ्यावंसं वाटलं. पण ग्रंथपालांनी ते लिहून घेतलं होतं.

बाई तिसऱ्या दिवशी आल्या. ग्रंथपालांनीच हात धरून आणलं. "बाई, तुमच्या भावाचं विमान! आपल्या बाइंडरकाकांनी केलंय. पूर्ण कागदाचं!"

"मला दिसणार नाही रे. हात लावू दे."

काच उचलली गेली. बाइंडर दोन हातांवर उभा होता. बाईंची बोटं नाकाच्या काचेवरून सुरू झाली, छपरावरून गेली, पंखावर वळली, इंजिनाभोवती फिरली, परत आली. रिबिटांच्या रांगेवर त्या जरा थांबल्या. धडावरून हात फिरवताना त्यांचा चेहरा अगदी लहान मुलीचा झाला होता. वाचनकक्षातली माणसं वर्तमानपत्रं खाली ठेवून बघत होती.

"कार्ड वाचून दाखव," त्या म्हणाल्या.

ग्रंथपालांनी खणखणीत आवाजात वाचलं. दोन इंजिनांचं युद्धकालीन विमान. लागलेला काळ चौदा महिने. "विशेष: आतील सांगाडाही त्याच काळातील जुन्या वहीच्या अस्तराच्या कागदाचा."

बाईंचा हात धडावर होता. तो तिथेच राहिला.

"कुठल्या वहीच्या?"

"रद्दीतल्या, बाई," बाइंडर म्हणाला. वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला.

बाईंनी हात काढून घेतला, हळूच, झोपलेल्या मुलाच्या अंगावरून काढावा तसा. "छान केलंयस," त्या म्हणाल्या. "कडा कुठेच लागत नाहीत हाताला."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाइंडर खाली आपल्या खोलीत गेला आणि दाराची कडी लावून शिकंज्याजवळ उभा राहिला. त्याला बसावंसं वाटेना. खिडकीतून पावलं जात होती, आणि आज पहिल्यांदा त्याला वाटलं, की ही सगळी पावलं वाकून आत बघू शकतील.

*

प्रदर्शन संपून विमान घरी आलं त्या रविवारी दुपारी बायको खिडकीजवळ कुणाचा तरी कोट उसवत बसली होती.

"एवढं कौतुक झालं," ती म्हणाली, "आणि तोंड असं, जसं काही विमान पडलंच."

त्याने सांगितलं. वेलांटीपासून रद्दीपर्यंत. सांगताना तो तिच्या हातातल्या कोटाशी बोलत होता. ती टाके काढत राहिली. एक, मग एक.

"म्हणजे एकतीस वर्षांत पहिल्यांदा पाकीट दिलं नाहीत?"

हो म्हणता आलं असतं. ती मागे लागली नसती.

"नाही," तो म्हणाला. "कोरे कागद मी बरेच ठेवलेत. कपाटावरचं ते ट्रेनर विमान, ते डाकविमान. सगळ्यांच्या आत आहेत. वरून कोरे दिसले की घ्यायचो. मागून सगळे बघितले होते, असं नाही सांगता येणार."

आता तिचा हात थांबला. ती कपाटावरच्या विमानांकडे बघत राहिली, पाहुणे म्हणून आलेल्यांनी चोरी केल्याचं कळावं तशी.

"आता काय?"

"काढायचं म्हटलं तर हे विमान राहत नाही."

"मी विमानाचं विचारलं का?"

तिने कोट बाजूला ठेवला, रिकामं पंख्याचं खोकं आणलं आणि तळाला जुना टॉवेल अंथरला. "कात्रीने कापू नका," ती म्हणाली. "ओढू पण नका. कुठे धरलंय ते शोधायचं आणि तेवढंच सैल करायचं. मी रोज करते ते. आणि कोरं पाकीट घ्या बरोबर."

बाई तिसऱ्या मजल्यावर राहत. दार त्यांनीच उघडलं. त्याला जिना चढल्याची धाप लागली होती, का कशाची, त्याला कळेना.

"बाई, तो कागद कोरा नव्हता. आणि टाकलाही नव्हता."

"आत ये आधी. कुठे आहे?"

"यात."

"खोक्यात?"

"विमानात. पोटात."

बाई खुर्चीचा हात चाचपत बसल्या. "मला तिथेच कळलं. रद्दीतल्या म्हणालास ना, तेव्हा. शाळेतसुद्धा खोटं बोलायचं असलं की तू पटकन बोलायचास. एरवी तुझं उत्तर येईपर्यंत तास संपायचा."

"मग तेव्हा बोलला का नाहीत?"

"मी का बोलू?"

त्याने टेबलावर टॉवेल पसरला, कोमट पाण्याचं भांडं, कुंचला, टिपकागद ठेवला. आतल्या कड्या त्याने नेहमीप्रमाणे खळीने लावल्या होत्या. खळीचं एक बरं असतं, ओल लागली की सोडते. आणि शिसपेन्सिल पाण्याने जात नाही. पहिली पट्टी सुटायला वीस मिनिटं लागली. बाई कान देऊन ऐकत होत्या. कागद कागदावरून सुटतानाचा तो ओला, बारीक आवाज. पंख निघाले. छप्पर निघालं. वायरलेसवाल्याचं टेबल निघालं तेव्हा त्याने ते बाईंच्या तळहातावर ठेवलं. त्यांनी ते बोटाने चाचपून बाजूला ठेवलं.

"माहीत होतं तुम्हाला, लिहिलेलं आहे म्हणून?" त्याने विचारलं.

"माहीत नव्हतं. शेवटचा सुट्टीवर आला होता तेव्हा म्हणाला, ही वही घरी आली तर तुझी, मागचा पुठ्ठा हळू उघड. मी सात वर्षांची."

"आणि इतकी वर्षं उघडला नाहीत?"

"उघडलं असतं आणि काही नसतं तर?" मग जरा थांबून, "तुझ्याकडे पाकीट मिळतं हे माहीत होतं. म्हटलं, आपण उघडायला नको. असेल तर पाकिटात येईल."

दुपार कलली तेव्हा अकरा कड्या टिपकागदावर होत्या. तीन रांगांत त्याने त्या मूळ कागदावर जशा होत्या तशा लावल्या. ओळींच्या टोकांवरून जुळवत गेला. सगळ्या जुळल्या. प्रत्येक ओळ सुरू होत होती, गोल भोकापाशी थांबत होती, भोकापलीकडे पुन्हा निघत होती. मागून त्याचे शाईचे आकडे उमटले होते, उलटे.

"वाच," बाई म्हणाल्या. "आणि गाळू नकोस. जिथे नाही तिथे नाही म्हण."

त्याने वाचायला घेतलं.

"चिमणे... इथे नाही... वर फार गार असतं. बोटं... इथे नाही... बटणं कळत नाहीत. बाकीचे हसतात म्हणून... इथे नाही... हसतो. आईला सांगू... इथे नाही." त्याने दुसरी रांग धरली. "बाबांचं घड्याळ... इथे नाही... पाडलं. तुला मार बसला तेव्हा मी जिन्यात... इथे नाही... ऐकत होतो. कितीदा... इथे नाही... जीभ... इथे नाही."

"थांब. घड्याळ कोणी पाडलं, ते आहे?"

त्याने सातवी कडी उचलली. तिच्या मधलं वर्तुळ रुपयाएवढं होतं. कंपासचं टोक टेकवल्याचं, ब्लेड फिरवल्याचं त्याला आठवलं. ती चकती टेबलावरून घरंगळून खाली पडली होती, तेही आठवलं.

"नाही, बाई. इथे नाही."

बाई बाजूला, भिंतीकडे बघत होत्या. "दादानेच पाडलं. मी दारातून बघत होते. त्याने तुकडे टेबलाखाली सारले आणि बाबा आले. मार मी खाल्ला. मी सांगितलं असतं तर त्याला बसला असता, माझ्याहून जास्त. म्हणून गप्प बसले. मला फक्त एवढंच बघायचं होतं, की तो आपल्या तोंडाने म्हणतो का."

"त्याचाच अर्थ होतो, बाई. पुढचंमागचं बघितलं तर..."

"अर्थ मलाही कळतो रे. उत्तर कळतंय. पायरी नाहीये." त्यांनी टेबलावर हात पसरला, पण कड्यांना लावला नाही. "पायरी नसेल तर मी कधी मार्क दिले नाहीत कुणाला."

त्याने खिशातून रुमाल काढला आणि तसाच हातात धरून बसला. माफ करा म्हणायचं म्हणून तो जिनाभर शब्द जुळवत आला होता. ते शब्द आता या टेबलावर ठेवायला जागा नव्हती.

"उरलेलं वाच."

त्याने वाचलं. तिसऱ्या रांगेत फार काही नव्हतं. एका मांजराचं होतं, एका हरवलेल्या हातमोज्याचं. शेवटी सही अर्धी. मग त्याने पाकीट काढलं, कड्यांमध्ये टिपकागद घालून त्या आत ठेवल्या आणि वर वहीचा जुना नंबर घातला. बाईंनी पाकीट वहीत ठेवलं, वही अभ्र्यात.

"बाकीच्या विमानांत पण आहेत," तो दाराशी म्हणाला. "दुसऱ्यांचे."

"मग तिथेही जा," बाई म्हणाल्या. "पण पुढच्या रविवारी इकडे ये. परत वाच. मला काही तोंडपाठ होत नाही आता."

घरी बायकोने खोकं हातात घेतलं आणि त्याच्या हलकेपणाने दचकली. कपाटावरची दोन विमानं तिने आधीच खाली काढून ठेवली होती, शेजारी कोमट पाणी.

पुढच्या रविवारी तो गेला. हात दोनदा धुवून गेला. बाईंनी पाकीट काढून दिलं, त्याने कड्या मांडल्या आणि सुरुवात केली. चिमणे, इथे नाही. वर फार गार असतं. बोटं, इथे नाही. घड्याळाच्या ओळीपाशी आल्यावर त्याचा आवाज आपोआप खाली गेला.

"मोठ्यानं," बाई म्हणाल्या.